सुट्टी कोणाची, खाडा कोणाचा?

पालघर जिल्ह्यात अतिवृष्टीची सूचना आता रंगांत येते. पिवळा, नारिंगी, लाल. लाल रंग आला की जिल्हाधिकारी शाळा-महाविद्यालयांना सुट्टी जाहीर करतात, तो आदेश रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे भ्रमणध्वनीवरून फिरू लागतो, आणि शासनाच्या दृष्टीने त्या दिवसाचा प्रश्न बव्हंशी तेथेच मिटतो. २०२५ च्या ऑगस्टातही मुंबईपासून पालघरपर्यंत असेच घडले. आदेश काढणे चूक आहे असे कोणी म्हणणार नाही. ओढ्याच्या पाण्यातून पोर शाळेत धाडण्यापेक्षा ते घरी राहिलेले बरे. परंतु त्या आदेशानंतर बोईसरलगतच्या सरावलीसारख्या गावातील एखाद्या चाळीत काय होते ते पाहिले, तर एकाच पावसाचे एकाच घरात तीन निरनिराळे निकाल लागलेले दिसतात. मुलाला सुट्टी मिळते. तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर असलेल्या बापाला सुट्टी नसते. तो पोहोचला तर रोज, न पोहोचला तर खाडा. आणि चार घरची धुणीभांडी करणारी आई गुडघाभर पाण्यातून गेली नाही, तर तिचा पगार कापायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सुट्टी हा शब्द ज्यांच्या आयुष्यात पगारासह येतो त्यांनीच तो आदेश लिहिलेला असतो, हे त्याच्या भाषेवरूनच कळते.

थंड मुलखात हिमवृष्टीने शाळा बंद पडल्याच्या, गाड्या रुळांवर अडकल्याच्या बातम्या आपण कौतुकमिश्रित दुरत्वाने वाचतो. समुद्रकाठच्या सरावलीला बर्फ दिसण्याचा संभव नाही. तेथे तेच संकट पाण्याच्या रूपाने जून ते सप्टेंबर येते. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच असतो: निसर्गाने वाट अडवली, तर त्या दिवसाचा खर्च कोणाच्या खात्यावर मांडायचा?

सरावलीचे उदाहरण मुद्दाम घेतले आहे. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये जवळच तारापूरला सुरू झाले. पुढील दशकांत औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढली, रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे शेकडो लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि बोईसरभोवतीच्या भातखाचरांच्या गावांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशापासून ते जव्हार-मोखाड्यापर्यंतचा मजूर येऊन राहिला. २०११ च्या जनगणनेने सरावलीची गणना ‘जनगणना शहर’ म्हणून केली. लोकसंख्या किमान पाच हजार, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान पंचाहत्तर टक्के शेतीबाहेर, आणि दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसे, या त्या खात्याच्या तीन कसोट्या. म्हणजे मोजणीपुरते ते शहर झाले. कारभारासाठी मात्र तेथे ग्रामपंचायतच राहिली. शहराची गर्दी, शहराचा कचरा, शहराचे सांडपाणी आणि ग्रामपंचायतीची तिजोरी असा हा संसार आहे.

पाणी तुंबण्याची कारणे यातच दडलेली आहेत. या पट्ट्यात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांत उरकतो. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खाते त्याला अत्यंत मुसळधार म्हणते, आणि कोकणपट्टीला असे दिवस नवे नाहीत. पूर्वी तो पाऊस भातखाचरांत थांबे, बांधाबांधावरून उतरत ओढ्याला मिळे आणि ओढा खाडीला. खाचर म्हणजे नुसते शेत नव्हते, पाणी धरून ठेवणारी ती हजारो लहान तळी होती. त्यांवर भराव पडले, भरावावर गाळे आणि चाळी आल्या. रस्ते उंच झाले आणि त्यांच्या कडेची घरे आपोआप खोलगट जागी गेली. मोरीचा व्यास मात्र जुन्या पाण्याच्या हिशोबाने तसाच राहिला. वसाहतीतील गटार महामंडळाचे, त्याबाहेरचे पंचायतीचे, हमरस्त्याकडेचे बांधकाम खात्याचे, रुळांखालची मोरी रेल्वेची. पाणी ही हद्द पाळत नाही. तक्रार घेऊन जाणाऱ्याला मात्र ती पाळावी लागते. त्यातही हे पाणी निव्वळ पावसाचे असेल याची खात्री नसते. पावसाच्या आडोशाने कारखान्यांचे सांडपाणी सोडले जाते ही तेथील तक्रार जुनी आहे, आणि तारापूरच्या सांडपाण्याचे प्रकरण तर मच्छीमारांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेले होते. मुलांच्या पायांना चिकटणारे पाणी कशाचे आहे हा प्रश्न त्यामुळे वावगा ठरत नाही.

आता प्रवासाचे पाहू. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि डहाणू रोड हा मार्ग अजूनही मुख्यतः दोन रुळांवर चालतो. त्याच दोन रुळांवरून मुंबई-अहमदाबाद-दिल्लीची मेल-एक्स्प्रेस वाहतूक, मालगाड्या आणि सकाळ-संध्याकाळ नोकरदारांना नेणाऱ्या लोकल व शटल. डहाणूपर्यंत उपनगरी लोकल आली ती २०१३ च्या एप्रिलमध्ये. विरार-डहाणू चौपदरीकरण २०१६ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात आहे आणि त्याचे काम चालू आहे. पर्यायी रूळ नसल्याने एका ठिकाणी अडले की सगळे अडते. २८ मे २०२४ रोजी पालघर स्थानकात मालगाडीचे डबे घसरले तेव्हा पावसाचा थेंबही नव्हता, तरी हा सारा पट्टा मुंबईपासून तुटला. आणि १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले तेव्हा अडकलेल्या एक्स्प्रेसमधील प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने बाहेर काढले. त्या बातमीची छायाचित्रे सर्वांनी पाहिली. त्या दिवशी बोईसरच्या फलाटावर ताटकळून परत फिरलेल्यांचे छायाचित्र कोणी काढले नाही, काढण्याजोगे त्यात काही नव्हतेही. पाऊस नालासोपाऱ्यात, खाडा बोईसरमध्ये.

या खाड्याबद्दल कायदा काय म्हणतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ‘ले-ऑफ’ची तरतूद १९५३ मध्ये आली. कोळसा, वीज वा कच्च्या मालाची टंचाई, यंत्राची मोडतोड किंवा नैसर्गिक आपत्ती यांमुळे मालकाला काम देता आले नाही, तर कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळावी, असे ते तत्त्व. तत्त्व उत्तमच होते. परंतु ज्या आस्थापनेत पन्नासांहून कमी कामगार तिला ते लागू नाही. बदली व नैमित्तिक कामगाराला ते नाही. वर्षभराची सलग नोकरी पाहिजे. शिवाय एक अट अशी की, नेमलेल्या वेळी दिवसातून निदान एकदा कामगाराने कारखान्याच्या दारात हजर झाले पाहिजे. म्हणजे पुरामुळे कारखाना बंद असेल, तर बंद कारखान्याच्या दाराशी पुरातून चालत जाऊन हजेरी द्यावयाची, तेव्हा निम्मा पगार. आणि कारखाना चालू असून गाड्या बंद असतील, तर तो ले-ऑफ होतच नाही. ती कामगाराची गैरहजेरी. २०२० मध्ये संमत झालेली औद्योगिक संबंध संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि जुना कायदा गेला. ही चौकट मात्र जवळपास शब्दशः नव्या संहितेत उतरली आहे. तारापूरच्या कंत्राटी कामगाराला या चौकटीत जागाच नाही. अनेक कंत्राटदारांच्या पटावर पन्नास नावे नसतात, सलग वर्ष भरू न देण्याची कला मुकादमाला अवगत असते, आणि कायद्याचे कलम दाखवणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या हजेरीपटातून गळते.

मालकवर्गाकडून यावर एक उत्तर येईल. काम झाले नाही तर दाम कोठून द्यावे? लहान कारखानदाराच्या बाबतीत हे उत्तर सर्वस्वी खोटेही नाही. पाणी त्याच्याही गाळ्यात शिरते आणि बँकेचा हप्ता थांबत नाही. म्हणूनच हा भार एकेका मालकावर न टाकता सर्वांवर थोडाथोडा वाटावा लागेल, आणि ती पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच केले. ज्या हमालाला कायमचा मालक नव्हता त्याच्यासाठी मंडळ उभे राहिले, मजुरीवर ठरावीक लेव्ही वसूल झाली आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार मिळू लागला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने उपकर आला. दिल्लीत हवा विषारी झाली म्हणून बांधकामे बंद ठेवावी लागली, तेव्हा २०२१ मध्ये तेथील सरकारने नोंदणीकृत बांधकाम मजुरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दिले, आणि अशा बंदीच्या काळात उपकराच्या निधीतून मजुरांना निर्वाहभत्ता द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले. हवेमुळे बुडालेला रोज जर भरून देता येतो, तर पाण्यामुळे बुडालेला का नाही? तारापूर वसाहतीत कंत्राटी कामगाराच्या दर दिवसामागे अल्पशी लेव्ही घेऊन, जिल्हाधिकाऱ्यांनी लाल सूचनेवरून सुट्टी जाहीर केलेल्या दिवसाचा निम्मा रोज त्यातून देणे हे हिशोबाने अवघड नाही. असे दिवस वर्षातून मोजकेच येतात. अवघड आहे ते कंत्राटी कामगारांची खरी संख्या कागदावर आणणे, आणि विरोध होईल तो नेमका तेथे होईल.

शाळेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरलीच पाहिजे. पावसाने गेलेला दिवस पुढे शनिवारी-रविवारी जादा तास घेऊन भरून काढता येतो, आणि शहरातील इंग्रजी शाळा ती वेळ घरबसल्या पडद्यावर शिकवूनही साधतात. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, बापाने कामावर नेलेल्या एकुलत्या भ्रमणध्वनीवर, ते साधत नाही. त्या दिवशी आईबाप दोघेही कामावर गेले, तर धाकट्यांना सांभाळायला थोरली बहीण घरी. पाणी ओसरून शाळा सुरू झाली तरी ती दोन दिवस मागेच राहते. सुट्टीच्या आदेशाने मूल सुरक्षित झाले असे समजले जाते. कोणाच्या हाती सुरक्षित झाले हे आदेशात नसते.

शाळा बंद म्हणजे खिचडीही बंद, हा त्यातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. अन्नसुरक्षा कायद्याखालील २०१५ च्या माध्यान्ह भोजन नियमांत एक चांगली तरतूद आहे. धान्य, इंधन किंवा स्वयंपाकी नाही म्हणून शाळेच्या दिवशी जेवण मिळाले नाही, तर त्या मुलाला धान्य आणि पैसे या रूपाने अन्नसुरक्षा भत्ता द्यावयाचा. परंतु सुट्टी जाहीर झाली की तो ‘शाळेचा दिवस’ उरत नाही, आणि हक्कही उरत नाही. ज्या दिवशी बापाचा रोज बुडतो नेमके त्याच दिवशी पोराचे जेवणही बुडते. करोनाच्या काळात शाळा महिनोन् महिने बंद असताना सरकारनेच धान्य घरोघर पोहोचवण्याची व्यवस्था केली होती. तेव्हा जमले ते चार दिवसांच्या पुरासाठी जमणार नाही असे मानायला आधार नाही.

सरावलीचे हाल कितीही असले तरी बोईसरला रुग्णालय आहे, रस्ता आहे, पाणी चार-आठ तासांनी ओसरते. जिल्ह्याच्या पूर्वेकडे जव्हार, मोखाडा, विक्रमगडात पावसाळा म्हणजे पाड्यांचे बेटांत रूपांतर. तेथे लाल-पिवळ्याचा भेद फारसा उपयोगी नाही, कारण ओढ्यावर साकवच नसेल तर साधा पाऊसही वाट बंद करतो. गरोदर बाईला डोलीतून किंवा चादरीची झोळी करून नेण्याच्या बातम्या दरवर्षी येतात. २०२२ च्या ऑगस्टात मोखाडा तालुक्यातील बोटोशीच्या मर्कटवाडीत घरीच अकाली बाळंतपण झालेल्या मातेची दोन्ही जुळी बाळे गेली आणि तिला झोळीतून दगडधोंड्यांच्या उतारावरून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावे लागले. स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीचा तो सप्ताह होता. याच डोंगरांवर पडलेल्या पावसाने वैतरणेवरची धरणे भरतात, आणि ती किती टक्के भरली याचा आकडा मुंबईची वर्तमानपत्रे रोज सकाळी आनंदाने छापतात. सूर्या प्रकल्पाचे पाणीही वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे जाते. ज्या खोऱ्यातून महानगराला पाण्याची नळवाट काढता येते, त्या खोऱ्यात माणसांची पायवाट काढता येत नाही, ही अभियांत्रिकीची अडचण खचित नव्हे.

शिक्षण हक्क कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये केलेल्या नियमांत, पूर, दरडी वा रस्त्यांचा अभाव असेल तेथे एक आणि तीन किलोमीटरची नेहमीची मर्यादा कमी करून शाळा धोक्याच्या अलीकडे आणावी, असे म्हटले आहे. या नियमाचा अर्थ सरळ आहे: ओढा ओलांडून मुलाने शाळेकडे जायचे नाही, शाळेने ओढ्याअलीकडे यायचे. २०२३ मध्ये राज्य सरकारने कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागवले, तेव्हा गाडी उलट दिशेने हाकली गेली. पट कमी म्हणून पाड्यावरची शाळा मिटवायची आणि मुलांसाठी बस ठेवायची. जेथे साकव नाही तेथे बस कोठून जाणार, हे मंत्रालयातील नकाशात दिसत नसावे.

हिमप्रदेशांनी हा प्रश्न कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. काश्मीर खोऱ्यातील शाळा डिसेंबरच्या सुमारास बंद होतात आणि फेब्रुवारीअखेर-मार्चला उघडतात. तेथील परीक्षा हिवाळ्यापूर्वी उरकत. २०२२ मध्ये देशभरच्या साच्याप्रमाणे मार्चचे वर्ष तेथे लागू केले गेले. पालक-शिक्षक त्रासले आणि २०२४ मध्ये निवडून आलेल्या सरकारने नववीपर्यंतच्या वर्गांसाठी जुने वेळापत्रक परत आणले. महाराष्ट्रातही विदर्भातील शाळा उन्हाळ्यामुळे इतरांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीच्या सुमारास सुरू होतात. ऋतूप्रमाणे शाळा हे तत्त्व म्हणजे सरकारला मान्य आहे.

मग जुलै-ऑगस्टात पालघरला लांब पावसाळी सुट्टीच द्यावी, असे कोणी सुचवील. वरकरणी हे शहाणपणाचे वाटते. पालघरपुरते ते घातक ठरेल. भाताची लावणी ते कापणी हा आदिवासी घरांतला सर्वांत कडकीचा काळ. कणगी रिकामी, मजुरी अनिश्चित, आजार बळावलेले. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली, तेव्हा पावसाळ्यातील या उपासमारीकडे देशाचे लक्ष गेले होते. या महिन्यांत शाळेचे जेवण बंद करणे म्हणजे रोग्याचे पथ्य म्हणून अन्न तोडणे. पावसाळ्यात शाळा बंद नको. ती जवळ हवी, चालत पाच मिनिटांवर हवी.

हा विचार याच जिल्ह्यात जन्मला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले त्याचा गाभाच हा होता. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखायला जाते म्हणून शाळेत येत नाही, तर शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. अंगणवाडी हे नाव सरकारने उचलले आणि देशभर नेले. कुरणशाळा मात्र शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतच राहिली. पावसाळ्याचे चार महिने शिक्षकाने ओढ्यापलीकडे पाड्यावर राहून वर्ग घ्यायचा, त्यासाठी त्याला निवास व भत्ता द्यायचा, ही तिचीच पुढची पायरी झाली असती.

स्वीडनमधील कार्ल्सकूगा या लहान गावाची हकीकत येथे आठवते. बर्फ उपसण्याचा तेथील क्रम आधी मोटारींचे हमरस्ते, शेवटी पायवाटा असा होता. कोणी तरी हिशोब मांडला की घसरून जखमी होणाऱ्यांत मोटारवाले थोडे, चालणारे अधिक, आणि चालणाऱ्यांत बायका जास्त. नगरपालिकेने क्रम उलटवला. बालवाड्यांकडे जाणाऱ्या वाटा आणि पदपथ आधी मोकळे होऊ लागले. पुढे स्टॉकहोमनेही तो धडा घेतला. खर्च फारसा वाढला नाही, फक्त आधी कोण याचे उत्तर बदलले. सरावली-बोईसरला पावसाळ्यापूर्वीची गटारसफाई मुख्य रस्त्यापासून सुरू होते आणि चाळींच्या बोळांपर्यंत पोहोचण्याआधी पाऊस पोहोचतो.

पैसा नाही ही सबब पंधराव्या वित्त आयोगानंतर तितकीशी टिकत नाही. राज्यांच्या आपत्तीनिधीपैकी २० टक्के रक्कम आपत्ती घडण्यापूर्वीच्या उपायांसाठी वेगळी काढावी, असे त्या आयोगाने ठरवून दिले. मोऱ्या रुंद करणे आणि साकव बांधणे याहून अस्सल पूर्वउपाय कोणता? परंतु आपल्याकडे पूर आल्यावर पंचनामा करण्याची यंत्रणा सुसज्ज आणि पूर येण्याआधीची ढिली. पंचनामाही मोजतो काय, तर घराची पडझड, दगावलेली गुरे, बुडालेले भात. बुडालेल्या रोजाला त्याच्या नमुन्यात रकाना नाही, आणि ज्याला रकाना नाही त्याची बेरीज होत नाही. पालघरच्या कामगारांचे एका पावसाळ्यात किती रोज बुडतात हा आकडा म्हणून सरकारच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

पहिले पाऊल फार मोठे असण्याची गरज नाही. जिल्ह्याच्या सुट्टीच्या आदेशात येत्या जूनपासून दोन वाक्यांची भर घालता येईल. वर्ग बंद असले तरी, जेथे पोहोचणे सुरक्षित आहे तेथे शाळेचे स्वयंपाकघर चालू राहील आणि ज्या मुलांचे पालक कामावर आहेत त्यांना शाळेच्या पक्क्या इमारतीत बसता येईल, हे एक. आदेशाच्या दिवशी वाहतूक बंद असल्याने कामावर न आलेल्या कामगाराचे नाव हजेरीपटावर ‘गैरहजर’ म्हणून नव्हे, तर ‘आपत्ती’ म्हणून लिहावे, हे दुसरे. दुसऱ्या वाक्याने लगेच पैसा मिळणार नाही. पण मुकादमाला नाव गाळता येणार नाही, आणि वर्षअखेरीस कामगार खात्याला बेरीज तरी करता येईल. पहिल्याला तर नवा पैसाही लागत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाया बहुधा त्याच गावातल्या असतात, आणि तांदळाची पोती पावसापूर्वीच शाळेत येऊन पडलेली असतात.